सदुसष्टावा लघुग्रह



ही व्याख्यानमाला एका गणिताच्या शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आज आकडे टाळायचे नाहीत, असे ठरवूनच मी इथे उभा आहे. विषय तसा लहान आहे. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात फिरणारा, साधारण साठ किलोमीटर व्यासाचा एक दगड. त्याचा क्रमांक ६७, नाव आशिया. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन रॉबर्ट पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाला तो दिसला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह. संदर्भग्रंथात ही नोंद एका ओळीत आटोपते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या ओळीतली तारीख हा या हकिकतीतला सर्वांत सोपा भाग आहे. लघुग्रह दिसतो एका रात्री. तो सापडला असे म्हणायला त्याची कक्षा हाती यावी लागते, आणि तो गणिताने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवशी पुन्हा दिसावा लागतो.

मराठी माणसाला हा विचार नवा वाटू नये. मद्रासला आशिया सापडला त्याच्या आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली होती. केरूनाना तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला होते. तिथे यंत्राशी आणि नोंदवहीशी त्यांचा संबंध आला आणि ग्रहगणिताच्या जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात त्या जागी नसतात, हे त्यांनी पाहिले. पंचांगातला ग्रह डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहाशी जुळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यातूनच पुढे पटवर्धनी पंचांग निघाले आणि दृक्प्रत्ययाचा वाद आपल्याकडे दोन-तीन पिढ्या पेटत राहिला. तो वाद लोक एकादशी कोणत्या दिवशी एवढ्यावरच आठवतात. मुळात तो आजच्या विषयाइतकाच शास्त्रीय होता.

आता जरा मागे जाऊ. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोला जुझेप्पे पियाझ्झी यांना पहिला लघुग्रह, सेरेस, दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले, मग आजारपण आले, आणि पुढे सेरेस सूर्याच्या तेजात गेला. सूर्यापलीकडून तो बाहेर येईल तेव्हा कुठे शोधायचा? सहा आठवड्यांत त्याने आकाशात कापलेले अंतर अगदीच थोडे होते. तेव्हा चोवीस वर्षांचा असलेला गणिती गाउस पुढे आला आणि त्या तुटपुंज्या नोंदींवरून त्याने कक्षा काढली. १८०१ संपता संपता सेरेस जवळपास त्याने सांगितलेल्या जागी सापडला.

गाउसने काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सूर्याभोवतीची कोणतीही लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्यावरची ग्रहाची जागा सांगायला सहा संख्या पुरतात. कक्षा केवढी, हे सांगणारा अर्धदीर्घाक्ष. ती वर्तुळापासून किती लांबट, हे सांगणारी विमध्यता. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिचा कल. ती ही पातळी कुठे छेदते, तो पात. लंबवर्तुळाचे सूर्याजवळचे टोक कोणत्या दिशेला आहे, आणि अमुक क्षणी ग्रह त्या वाटेवर कुठे आहे, या उरलेल्या दोन. एकदा वेध घेतला की दोन कोन मिळतात. अंतर मात्र कळत नाही. म्हणजे तीन रात्रींचे तीन वेध घेतले की सहा कोन, आणि अज्ञात राशीही सहाच. हिशेब जमतो, पण कागदावर. वेधात थोडी जरी चूक असली, किंवा तीन रात्री एकमेकींच्या फार जवळ असल्या, की उत्तर पार भरकटते.

भरकटण्याचा एक किस्सा पॉगसनच्याच उमेदीच्या काळातला आहे. २२ मे १८५६ रोजी पॅरिसमध्ये हेर्मान गोल्डश्मिट यांना ४१वा लघुग्रह, डॅफ्ने, दिसला. गोल्डश्मिट हे पेशाने चित्रकार. काफे प्रोकोपच्या वरच्या मजल्यावर राहत आणि घरूनच दुर्बीण लावत. दुसऱ्याच दिवशी, २३ मे रोजी, ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत पॉगसनला ४२वा, आयसिस, दिसला. दोघांचे नशीब मात्र वेगळे निघाले. डॅफ्नेचे वेध मे महिन्यातल्या मोजक्या रात्रींपुरतेच झाले आणि ती हरवली. सप्टेंबर १८५७ मध्ये गोल्डश्मिट तिला शोधायला बसले, एक ठिपका सापडला, आणि डॅफ्ने मिळाली असे जाहीर झाले. पुढे एर्न्स्ट शूबर्ट यांनी गणित केले तेव्हा कळले की हा ठिपका त्या कक्षेत बसतच नाही; हा वेगळाच लघुग्रह आहे. त्याला मग मेलेटे हे नाव आणि ५६ हा क्रमांक मिळाला. खरी डॅफ्ने १८६२ मध्ये रॉबर्ट लूथर यांना पुन्हा सापडली. शोधकाने स्वतःच शोधलेला ग्रह ओळखू नये, आणि ज्याने तो कधी पाहिलाही नसेल त्या माणसाने कागदावरून सांगावे की हा तो नव्हे! मला लघुग्रहांच्या इतिहासातले हे प्रकरण सर्वांत आवडते. अमेरिकेत वॉटसन यांनी १८७३ मध्ये शोधलेला एथ्रा तर १९२२ पर्यंत पुन्हा दिसला नाही.

सेरेस धरून १८०७ पर्यंत चार लघुग्रह झाले आणि मग अडतीस वर्षे काहीच नाही. पाचवा, अस्ट्रिया, १८४५ मध्ये सापडला तो कार्ल हेन्के नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांना. त्यासाठी ते पंधरा वर्षे आकाश चाळत होते. त्यानंतर मात्र रांगच लागली, आणि तिचे मोठे कारण नकाशे. बर्लिन अकादमीने विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पंधरा अंशांपर्यंतच्या आकाशाचे चोवीस नकाशे करायला घेतले होते. १८५९ पर्यंत ते पुरे झाले. नेपच्यून १८४६ मध्ये तासाभरात हाती लागला तो यातल्याच एका ताज्या नकाशामुळे. लघुग्रह शोधणाराही रात्री दुर्बिणीतून एकेक तारा नकाशाशी ताडून पाही. वर्गात हजेरी घेताना पटावर नाव नसलेला एखादा मुलगा बाकावर बसलेला दिसावा, तसा एखादा जादा ठिपका दिसला की थांबायचे. तो तारा नकाशात टिपायचा राहिला असेल, किंवा तेज बदलणारा तारा असेल, किंवा ग्रह. निकाल दुसऱ्या रात्री लागतो. ठिपका सरकला तर ग्रह.

तो सरकतो तरी किती? आशियाच्या कक्षेवरून हिशेब सांगतो. सूर्य, पृथ्वी आणि लघुग्रह एका रेषेत येतात त्या प्रतियुतीच्या सुमारास पृथ्वी सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर वेगाने जात असते आणि आशिया सरासरी १९ किलोमीटरने. आपण त्याला आतल्या बाजूने ओलांडून पुढे जातो, त्यामुळे तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे जाताना दिसतो. पंचांगाच्या भाषेत वक्री. ही पिछेहाट दिवसाला साधारण पाव अंशाची, म्हणजे पूर्णचंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढी. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला एवढी चाल एका रात्रीतच कळून येते, मात्र त्याआधी शेकडो ताऱ्यांची हजेरी घेतलेली असावी लागते.

पॉगसन मद्रासला आला तो १८६१ च्या सुरुवातीला, सरकारी ज्योतिर्विद म्हणून. नुंगंबाकमची ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये उभारलेली. पंधरा फूट उंचीचा तिचा ग्रॅनाइटचा खांब हवामान खात्याच्या आवारात अजून उभा आहे. जहाजांना रेखांश कळावा आणि सर्वेक्षणाला आधारबिंदू मिळावा, हा तिचा मूळ हेतू. पुढे रेल्वे आली तेव्हा देशभरच्या गाड्या याच वेधशाळेच्या घड्याळावर, मद्रास वेळेवर, धावू लागल्या. मुंबईकरांना ही वेळ कधीच पचली नाही. मुंबईची स्थानिक वेळ मद्रासच्या अर्धा तास मागे, आणि स्टेशनवरचे घड्याळ वेगळे, घरातले वेगळे असा घोळ आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला. ‘बाँबे टाइम’चा हट्ट तर महापालिकेने १९५५ पर्यंत चालवला. हे विषयांतर झाले. पण त्या घड्याळाशेजारच्या दुर्बिणीवर काय चालले होते हे मुंबईत फारसे कुणाला ठाऊक नसावे, असे वाटते.

वेधशाळेत तेव्हा पॅरिसच्या लेरेबूर आणि सेक्रेताँ यांच्या कारखान्यातली सहा इंची दुर्बीण होती. आठ इंची, अधिक चांगली दुर्बीण पुढे काही वर्षांनी आली. साधने बेताची, पण जागा उत्तम. मद्रास तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. लंडन-बर्लिनमध्ये क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेचा, दक्षिणेकडचा भाग क्षितिजावरच्या धुरकट हवेत लोळत असतो. मद्रासला तो चांगला उंच येतो. लघुग्रह तर क्रांतिवृत्ताच्या आसपासच फिरणारे. एप्रिलच्या मध्यरात्री चित्रा नक्षत्र तिथे उंच चढलेले असते, आणि त्या दिवसांत प्रतियुतीला येणारा ग्रह त्याच टापूत शोधायचा असतो.

अडचण होती ती अंतराची. १८६१ मध्ये हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारेची सोय नव्हती. ती १८६५ मध्ये झाली. सुएझचा कालवाही व्हायचा होता. आगबोटीने पत्र पोचायला महिनाभर तरी लागे. त्या एका वर्षी दहा लघुग्रह सापडले, क्रमांक ६३ ते ७२. आशियानंतर बाराच दिवसांनी, २९ एप्रिलला, लूथर यांना ६८वा आणि मिलानला स्क्यापारेली यांना ६९वा दिसला. हे स्क्यापारेली म्हणजे पुढे मंगळावरच्या ‘कालव्यां’मुळे गाजलेले. ५ मे रोजी गोल्डश्मिट यांना ७०वा. पॉगसनचे पत्र वाटेत असताना हे सारे घडत होते. आणि तोवर मद्रासच्या ठिपक्याची कक्षा काढायला लागणारे वेध घ्यायला युरोपात कुणी बसलेले नव्हते. बातमीच पोचलेली नव्हती. ते सगळे वेध मद्रासलाच घ्यावे लागणार होते. ग्रह गमावला असता तर दोष कुणावर आला असता, हे सांगायला नको.

नाव मात्र पॉगसनने मोठ्या चातुर्याने ठेवले. लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणांतली स्त्री-नावे द्यायची असा तेव्हाचा प्रघात होता, आणि राण्या-राजांची नावे घुसवली की वाद होत. ग्रीक पुराणांत आशिया नावाची एक सागरकन्या आहे. ती देवीही झाली आणि खंडही झाले. त्या खंडात राहणाऱ्यांना विचारून ठेवलेले नाव नव्हते ते, हेही खरे.

आता कक्षा. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. आशियाचा अर्धदीर्घाक्ष २.४२ एकके, म्हणजे सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटर. विमध्यता ०.१८५, पृथ्वीची ०.०१७ आहे, म्हणजे आशियाची कक्षा चांगलीच लांबट. सूर्याजवळ येतो तेव्हा अंतर १.९७ एकके, दूर जातो तेव्हा २.८७. जवळच्या टोकाशी वेग सेकंदाला २३ किलोमीटर, दूरच्या टोकाशी १६. कल ६ अंश, म्हणजे पट्ट्यातल्या मंडळींत अगदी सभ्य. पॅलस ३५ अंशांनी कललेला आहे. एक फेरी ३.७७ वर्षांची. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने तुम्हीही ताडून पाहू शकता: २.४२ चा घन करा आणि वर्गमूळ घ्या. सभागृहात विद्यार्थी दिसताहेत, त्यांनी घरी जाऊन करावे. प्रतियुती दर सोळा महिन्यांनी आणि काही दिवसांनी येते. म्हणून नव्या लघुग्रहाचे पहिले वर्ष नाजूक असते: सोळा महिन्यांनी तो परत वर येईल तेव्हा कुठे पाहायचे, हे पहिल्या काही आठवड्यांच्या वेधांवरूनच सांगता यायला हवे.

लांबट कक्षेचा परिणाम तेजावर होतो. सूर्याजवळच्या टोकाशी प्रतियुती झाली तर आशिया दहाव्या प्रतीच्या आसपास दिसतो. दूरच्या टोकाशी झाली तर बाराव्या. तेजात फरक जवळजवळ आठ पटींचा. हा हिशेब ज्या मापाने होतो ते माप पॉगसनचेच आहे, आणि ते लघुग्रहांसाठीच जन्मले. ताऱ्यांच्या प्रती पूर्वापार होत्या. पहिली प्रत सर्वांत तेजस्वी, सहावी डोळ्यांना जेमतेम दिसणारी. पण एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात नेमका किती पट, यावर एकमत नव्हते. १८५६ मध्ये पॉगसनने छत्तीस लघुग्रहांच्या पुढच्या वर्षातल्या महिनावार प्रती काढून छापल्या, आणि त्यासाठी त्याने गुणोत्तर ठरवले २.५१२. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. लॉगॅरिदमला सोयीचा आकडा. आज जेम्स वेब दुर्बिणीतल्या आकाशगंगांची तेजे सांगतानाही हेच माप वापरतात. लोक पॉगसनला ओळखतात ते या गुणोत्तरामुळे. ते लघुग्रहांच्या वेळापत्रकातल्या सोयीसाठी निघाले होते, हे खगोलाच्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

आशियाच्या कक्षेत मला सर्वांत रस वाटतो तो तिच्या शेजाऱ्यांत. १८६६ मध्ये अमेरिकेतले डॅनिएल कर्कवुड यांनी तोवर माहीत असलेल्या लघुग्रहांच्या सरासरी अंतरांची यादी पाहिली. संख्या शंभरीच्या आत होती. त्यांच्या लक्षात आले की काही अंतरांवर कुणीच नाही. २.५ एककांच्या आसपास मोकळी जागा, ३.२८ च्या आसपास मोकळी जागा. २.५ एककांवरचा ग्रह ३.९५ वर्षांत फेरी करतो, आणि गुरूला लागतात ११.८६ वर्षे, बरोबर तिप्पट. म्हणजे गुरूच्या एका फेरीत त्याच्या तीन. गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच जागी बसत राहते आणि परिणाम साचत जातो. साचून नेमके काय होते हे मात्र शंभरहून अधिक वर्षे कळले नाही. १९८० च्या दशकात जॅक विझ्डम यांनी संगणकावर दाखवले की अशा कक्षेची विमध्यता दीर्घकाळ शांत राहून अचानक वाढते. कक्षा मंगळाला, पुढे पृथ्वीलाही छेदू लागते. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी बरेच या दारातून येतात. लोणारचे विवर पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. ते खणणारा धोंडा पट्ट्यातून अशाच एखाद्या वाटेने निसटला असण्याचा संभव मोठा आहे. त्याची कक्षा मात्र कुणी मोजलेली नाही, म्हणून याहून जास्त बोलणे मला पटत नाही.

आशिया २.४२ वर आहे. त्या दाराच्या उंबऱ्यापासून फक्त १.२ कोटी किलोमीटर आत. इथे एक गैरसमज होतो तो दूर करतो. आशिया १.९७ पासून २.८७ पर्यंत जातो-येतो, म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा तो २.५ च्या अंतरावरून जातो. मग मोकळी जागा कुठे राहिली? आकाशात कुठेच नाही. एखाद्या रात्री सगळ्या लघुग्रहांचे छायाचित्र काढले तर पट्टा भरलेला दिसेल. मोकळीक आहे ती अर्धदीर्घाक्षांच्या यादीत, आणि म्हणून ती दुर्बिणीला नव्हे, गणित करणाऱ्याला दिसली.

दुसऱ्या बाजूला मंगळ. त्याची फेरी १.८८ वर्षांची, दुप्पट केली की ३.७६. आशियाची ३.७७. दोन आकडे इतके जवळ आहेत की मंगळाच्या दोन फेऱ्यांत आशियाची एक, असे म्हणता येईल. मंगळ लहान, त्याची ओढ कमी. आशिया त्याच्या कक्षेला छेदतही नाही. पण गुरूच्या तिपटीच्या दाराशी आणि मंगळाच्या दुपटीच्या वाटेवर एकाच वेळी उभा असलेला हा दगड, मांडणीच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे.

अशा गुणोत्तरांचा मोह आपल्याही एका मोठ्या माणसाला पडला होता. व्यंकटेश बापूजी केतकर, ‘ज्योतिर्गणितम्’चे कर्ते. त्यांनी १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत लिहून नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे सांगितले. नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमधल्या मेळावरून त्यांनी तो तर्क बांधला होता. ब्रह्माचे अंतर त्यांनी एकोणचाळीस एककांच्या आसपास काढले, आणि १९३० मध्ये सापडलेला प्लूटो साडेएकोणचाळीसवर निघाला, म्हणून केतकरांनी प्लूटोचे भाकीत केले असे आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते. मला तो योगायोग वाटतो. भाकीत खरे ठरते ते ग्रह अमुक दिवशी अमुक जागी दिसेल असे सांगून तो तिथे दिसला तर. केतकरांची खरी थोरवी त्यांच्या पंचांगगणितात आहे, आणि तिला या टेकूची गरज नाही.

मद्रासला परत येऊ. वेधशाळेत एकटा पॉगसन नव्हता. चिंतामणी रघुनाथाचारी तिथे कितीतरी आधीपासून काम करत होते आणि पुढे पहिले सहायक झाले. दक्षिण आकाशातल्या रेटिक्युलम तारकासमूहातला एक तारा तेज बदलतो, हे १८६७ मध्ये त्यांनी शोधले. १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासद झाले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी सामान्य वाचकासाठी त्यांनी पुस्तिका काढली, ती एकाहून अधिक भारतीय भाषांत. आणि तमिळमध्ये ते दृग्गणित पंचांग काढत. केरूनाना आणि रघुनाथाचारी एकमेकांना भेटले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण दोघांचे भांडण एकाच प्रकारच्या लोकांशी चालले होते. रघुनाथाचारींचे नाव एकाही लघुग्रहाच्या शोधापुढे नाही. वेधशाळांचा रिवाजच तो होता: शोध प्रमुखाच्या नावावर, नोंदवह्या सहायकांच्या हस्ताक्षरात.

पॉगसनची मुलगी एलिझाबेथ आयसिस १८७३ पासून तिथेच सहायक होती आणि पुढे मद्रास सरकारची हवामान अधिकारी झाली. ऑक्सफर्डला सापडलेल्या त्या बेचाळिसाव्या लघुग्रहाचे नाव तिच्यावरून आले असावे, असे मानतात. १८८६ मध्ये वडिलांनी तिचे नाव त्याच लंडनच्या सोसायटीसाठी सुचवले. सोसायटीच्या सनदेत सभासदाचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने आहे, या कारणाने ते मागे पडले. तिला सभासदत्व मिळाले १९२० मध्ये, वडील वारल्यावर एकोणतीस वर्षांनी.

मद्रासहून पॉगसनने आणखी लघुग्रह शोधले: १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला, १८८५ मध्ये व्हेरा. यांतल्या सिल्व्हिया आणि कॅमिला या दोघी ३.४८-३.४९ एककांवर, कर्कवुडच्या ३.२८ च्या मोकळ्या जागेच्याही पलीकडे. दोघींना प्रत्येकी दोन चंद्र आहेत. दोन चंद्रांचा पहिला ज्ञात लघुग्रह म्हणजे सिल्व्हिया. ते २००५ मध्ये जाहीर झाले. सहा-आठ इंची दुर्बिणीतून टिपलेल्या त्या ठिपक्यांना कुटुंब असेल, याची मद्रासला कुणाला कल्पना असणे शक्यच नव्हते.

जून १८९१ मध्ये पॉगसन मद्रासलाच वारला. तीस वर्षांत तो मायदेशी परतला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांनी छायाचित्राच्या काचेवर पहिला लघुग्रह पकडला. तारे ठिपके म्हणून उमटतात, लघुग्रह रेघ ओढतो. हजेरी घेण्याची गरजच संपली. १८९९ मध्ये वेधशाळेचे खगोलाचे काम कोडाईकनालला गेले. व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला शतकाहून अधिक काळ गेला: फेब्रुवारी १९८८ मध्ये कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांना एक सापडला, ४१३० क्रमांकाचा. त्याला नाव दिले रामानुजन. आज माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या तेरा लाखांच्या पुढे आहे. ते यंत्रे शोधतात आणि कक्षाही यंत्रेच काढतात. क्रमांक मात्र अजूनही कक्षा पक्की झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी सहसा अनेक प्रतियुती पाहाव्या लागतात. ३००१२८ हा क्रमांक पंडित जसराज यांच्या नावाने आहे. तो २००६ मध्ये दिसला आणि नाव मिळाले २०१९ मध्ये.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. आशियाने १८६१ पासून चाळीसहून अधिक फेऱ्या पुऱ्या केल्या आहेत आणि त्याची जागा आज विकलेच्याही छोट्या भागापर्यंत सांगता येते. सूर्याजवळच्या प्रतियुतीत तो चार इंची दुर्बिणीतून, शहराबाहेरच्या काळोखात, दिसण्यासारखा आहे. ६७ हा क्रमांक टाकून त्या रात्रीची जागा संगणकावर काढा, पण नकाशावर तिची लगेच खूण करू नका. आधी त्या टापूतले सगळे तारे कागदावर स्वतःच्या हाताने टिपा, पेन्सिलीने. दुसऱ्या रात्री त्याच वेळी परत टिपा. मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहा आणि त्यानंतरच संगणकाचे उत्तर उघडा. एप्रिल-मे बरा, पावसाळ्यात प्रतियुती आली तर सोळा महिने थांबा.